दीड महिन्यातली तीन भाषणं

(ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

युद्ध सुरू झालं की राज्यकर्त्यांच्या तोंडी देवाचं नाव येतंच, त्यात नवल नाही. रेडिओ आल्यावर मात्र ऐकणाऱ्याची जागा बदलली. सभेत माणूस शेजाऱ्याकडे बघतो, कुजबुजतो, नाही पटलं तर उठून जातो. रेडिओ थेट घरात बोलतो, तोही ज्यांचा मुलगा आघाडीवर आहे अशा आईबापांशी. तिथे देवाचं नाव कोण आणि कशासाठी घेतंय, हे कान देऊन ऐकायला हवं. म्हणून १९४४ मधल्या जेमतेम दीड महिन्यातली तीन भाषणं आज तुमच्यापुढे ठेवतो.

६ जूनला दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. त्या रात्री अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर आले आणि त्यांनी भाषणाऐवजी प्रार्थना केली. तिचा मजकूर दुपारच्या वर्तमानपत्रांत आधीच छापून आला होता, लोकांना सोबत म्हणता यावी म्हणून. इथे बसलेल्या पुष्कळांचं गाव कोकणात आहे. गाऱ्हाण्यात एक जण बोलतो आणि सगळा गाव ‘व्हय महाराजा’ म्हणतो, तशीच ही मांडणी. त्यात त्यांनी म्हटलं, काही जण परतणारच नाहीत, त्यांना तू जवळ घे. चढाईच्या पहिल्याच दिवशी राष्ट्राध्यक्षानं हे घराघरांत सांगायला छाती लागते. शेवट होता ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’. याच प्रार्थनेत शत्रूला ‘अपवित्र शक्ती’ही म्हटलंय, ते मला खटकतं. नाझींचं पाप खरंच होतं. पण शत्रू अपवित्र ठरला की त्याच्या बाजूनं मरणाऱ्या पोरांना प्रार्थनेत जागा उरत नाही.

मधलं भाषण शेवटी घेतो. २० जुलैला हिटलरच्या पूर्व प्रशियातल्या मुख्यालयात स्टाउफेनबर्ग या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानंच ठेवलेला बॉम्ब फुटला, हिटलर वाचला. मध्यरात्र उलटल्यावर, २१ तारखेला, तो रेडिओवर बोलला. सहकारी जखमी झाल्याचं त्यानं सांगितलं. पण आपण वाचलो याचा अर्थ त्यानं स्वतःच लावला: नियतीनंच माझ्या कार्यावर शिक्कामोर्तब केलंय. पाठोपाठ कट करणाऱ्यांना निर्दयपणे संपवण्याची घोषणा. इथे मागणं नाही, शरण जाणं नाही. ईश्वरी इच्छा म्हणजे वक्त्याची इच्छा. ऐकणाऱ्यानं पडताळायचं तरी कुठे? परदेशी केंद्र ऐकणं १९३९ पासून जर्मनीत गुन्हा होता.

आता ६ जुलैचं, रंगूनहून नेताजींचं. ते थेट गांधीजींना उद्देशून होतं. फेब्रुवारीत कस्तुरबांचं पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये निधन झालं होतं. आधी त्याबद्दल दुःख. मग आपण देश का सोडला, जपानची मदत का घेतली, याची सविस्तर कैफियत. देशातले लोक स्वतःच्या बळावर स्वतंत्र झाले तर आमच्याइतका आनंद कुणालाच होणार नाही, हेही ते म्हणतात. ‘पवित्र युद्ध’ हा शब्द येतो तो अगदी शेवटी: राष्ट्रपिता, या पवित्र युद्धात आम्हाला तुमचे आशीर्वाद हवेत. जपानवरचा त्यांचा भरवसा मला आजही पटत नाही. तरी त्यांनी कारणं आधी दिली आणि पवित्र शब्द नंतर उच्चारला, म्हणून मी त्यांच्याशी वाद घालू शकतो. शिवाय आशीर्वाद मागितले ते अहिंसेवर ज्यांच्याशी त्यांचा उघड मतभेद होता, त्याच माणसाकडे.