पाव इंच म्हणजे नक्की किती?

हे क्विल्टचे दोन ब्लॉक बघा, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन; असे ब्लॉक जोडून क्विल्टचं पांघरूण होतं. कापड एकच, कापलं एकाच मापाने, शिवलंही मीच, पण शेजारी ठेवले की एक दुसऱ्यापेक्षा चांगला दोन सूत लहान भरतोय. पहिल्या क्विल्टला मी असेच ब्लॉक ओढूनताणून बसवले होते, मग सगळी क्विल्ट मधोमध फुगली, इस्त्री करूनही बसेना, शेवटी उसवली आणि तेव्हा खूप वाईट वाटलेलं.

सगळा खेळ अर्ध्या सुताचा आहे. क्विल्टच्या तुकड्यांना टीप पाव इंचावर, म्हणजे दोन सुतांवर मारतात. ती अर्धा सूत आत गेली की दोन्ही तुकड्यांतून तेवढं तेवढं कापड जातं, म्हणजे एका जोडाला एक सूत. आता हा नाइन पॅच घ्या, अडीच इंचाचे नऊ चौकोन, शिवून साडेसहा इंच यायला हवा, पण एका ओळीत दोन जोड आहेत त्यामुळे सव्वासहाच उरतो, आणि असे आठ ब्लॉक ओळीत लावले की दोन इंच गेलेच. ब्लाउजला मार्जिन असतं, नंतर फिटिंग करता येतं, इथे ती सोय नाही.

आजीच्या गोधडीत ही अडचण नसायची, तिथे तुकडे जुन्या लुगड्याच्या थरावर मांडून, कडा आत दुमडून वरून धावदोरा घालतात, एखादा कमी पडला तर शेजारी दुसरा चढवायचा. इथे तुकड्याला तुकडाच जोडायचाय, खाली आधार काहीच नाही.

आता मशीनजवळ या. सुईखाली मोजपट्टी सरकवायची, हाताने चाक फिरवत सुई पाव इंचाच्या रेघेवर अलगद टेकवायची आणि पट्टीच्या काठाला लागून मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवायचे. कापडाची कड या टेपला घासत गेली पाहिजे. नजर सुईवर ठेवू नका, टेपवर ठेवा, खरंच सांगते, सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. शेवटच्या अर्ध्या इंचाला कापड हातातून सुटतं आणि टीप वाकडी जाते, तिथे हळू.

आणि एवढं करूनही ब्लॉक किंचित लहान येतो! कारण कापड शिलाईवरून उलटतं तेव्हा घडीत एखाद-दोन धागे जातात, म्हणून टीप पाव इंचाच्या एक धागा अलीकडे, कडेच्या बाजूलाच हवी. आधी कापडाच्या दीड इंच रुंद तीन पट्ट्या जोडून बघा, इस्त्री घासू नका, नुसती वरून दाबा, घासली की कापड ताणलं जातं. मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टेप केसभर सुईकडे सरकवा आणि परत तीन पट्ट्या.

आता ओळी जोडायच्या. एका ओळीच्या शिलाया डावीकडे दाबल्यात, दुसरीच्या उजवीकडे, समोरासमोर ठेवल्या की त्या एकमेकींना अडतात, बोटाला बरोब्बर कळतं. तिथेच टाचणी, मग टीप.

उलटून बघा, चारही कोपरे एका टिंबावर आलेत.