खर्जाच्या जागेवरून : मार्कस मिलर

जॅझच्या मैफलीत श्रोत्याची नजर बेसवादकाकडे सर्वांत शेवटी जाते. ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारा पुढे उभा असतो, ड्रमवादकाचे हात सतत हलत असतात, आणि बेसचा स्वर कानांपेक्षा छातीला अधिक जाणवतो. तानपुऱ्यातील खर्जाच्या तारेचेही असेच असते. ती उतरली, की मगच तिची जागा कळते. मार्कस मिलर यांनी जवळजवळ पाच दशके याच जागेवर उभे राहून वाजवले आणि तेथूनच ते संगीतनिर्माते झाले.

‘निर्माता’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पैसे घालणारा गृहस्थ उभा राहतो. ध्वनिमुद्रणाच्या अमेरिकी व्यवहारात मात्र कोणते वाद्य कोठे येईल, ठेका कसा असेल, कोणती ओळ गाळायची आणि काम कोठे पुरे झाले असे म्हणायचे, हे निर्माता ठरवतो. आपल्याकडच्या संगीत संयोजकाच्या हाती शेवटचा शब्दही दिला, तर जे काम होईल ते साधारण हेच.

मिलर यांचा जन्म 14 जून 1959 रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला आणि ते क्वीन्समधील जमैका या वस्तीत वाढले. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि तेथील गायकवृंदाचे संचालन करत. पियानोवादक विंटन केली त्यांच्या नात्यातले होते, आणि हे केली एकेकाळी विख्यात जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या वाद्यवृंदात वाजवत असत. मुलाच्या हाती प्रथम आली ती क्लॅरिनेट. रीतसर शिक्षण त्याच वाद्याचे झाले. बेस गिटार मात्र त्यांनी आपल्या वस्तीतील फंक या ठेकेदार नृत्यसंगीताच्या ओढीने, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास उचलली. हे दुहेरी शिक्षण पुढे फार उपयोगी पडले, कारण कागदावरची स्वरलिपी झरझर वाचणारा आणि तरीही अंगात ठेका मुरलेला बेसवादक न्यूयॉर्कच्या स्टुडिओंना हवाच होता. विशीत पोहोचेपर्यंत ते तेथील व्यस्त वादकांपैकी एक झाले होते. आज त्यांच्या नावावर पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत.

मिलर यांची ओळख बनलेली बेस गिटार 1977 सालची, फेंडर कंपनीची ‘जॅझ बेस’ आहे. रॉजर सॅडोव्स्की या वाद्य-कारागिराने तिच्यात नंतर प्रीअँप, म्हणजे तारांचा क्षीण विद्युत-संकेत वाढवणारे छोटे यंत्र, बसवला, आणि तिचा आवाज अधिक स्वच्छ व टोकदार झाला. वाजवताना मिलर यांचा उजवा अंगठा पाहावा. तो तार छेडत नाही, तिच्यावर आपटतो. तार पडद्यांवर आदळून धातूचा टणत्कार उमटतो, आणि लगेच तर्जनी दुसरी तार वर ओढून सोडते. ‘स्लॅप’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत बेसवादक लॅरी ग्रॅहम यांनी रुजवली. मिलर यांनी ती सुरेल केली, असे म्हणता येईल. एरवी तालवाद्यासारखा वापरला जाणारा हा आघात त्यांच्या हाती संपूर्ण चाल सांगू लागतो.

1981 साली माइल्स डेव्हिस यांचे बोलावणे आले. सुमारे पाच वर्षे ट्रंपेट बाजूला ठेवून घरात बसलेले डेव्हिस नुकतेच पुन्हा वाजवू लागले होते आणि मिलर एकवीस वर्षांचे होते. त्या पहिल्या दिवसाची हकिगत मिलर यांनी मुलाखतींमधून सांगितली आहे. डेव्हिस यांनी पियानोवर दोनच स्वर दाखवले आणि ते वाजवायला सांगितले. मिलर यांनी निमूटपणे ते दोन स्वर वाजवले, तर डेव्हिस यांनी थांबवून एवढेच येते का, अशा अर्थाचे काही सुनावले. मग या तरुणाने येत होते ते सारे वाजवून टाकले, तेव्हा पुन्हा थांबवून दोनच स्वर वाजवण्याची ताकीद मिळाली. शेवटी मिलर डोळे मिटून, त्या दोन स्वरांभोवती आपल्याला सुचेल तसे वाजवत राहिले आणि या वेळी कोणी थांबवले नाही. हकिगत गमतीची आहे, पण निर्मात्याच्या धंद्यातील पहिला धडा तिच्यात आला आहे: थोडे वाजवण्याची आज्ञा पाळूनही वादकाचे स्वतःचे काही उरले पाहिजे.

सुमारे दोन वर्षांनी ते डेव्हिस यांच्या वाद्यवृंदातून बाहेर पडले, कारण त्यांना गाणी रचायची होती आणि इतरांची ध्वनिमुद्रणे घडवायची होती. गायक ल्यूथर व्हँड्रॉस यांची व त्यांची ओळख गायिका रॉबर्टा फ्लॅक यांच्या साथीला असताना झाली होती. व्हँड्रॉस यांच्या 1981 सालच्या ‘नेव्हर टू मच’ या गीतातील उसळती बेस मिलर यांचीच. पुढे दोघांनी मिळून गीते लिहिली, निर्मितीही केली, आणि ‘पॉवर ऑफ लव्ह’ या गीताने त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले. सॅक्सोफोनवादक डेव्हिड सॅनबोर्न यांच्याशीही असेच दीर्घ सख्य जमले.

तरीही निर्माता म्हणून त्यांचे नाव ज्या एका कामाशी कायमचे जोडले गेले, ते काम म्हणजे डेव्हिस यांचा 1986 सालचा अल्बम ‘टुटू’. सुमारे तीस वर्षांनी कोलंबिया ही ध्वनिमुद्रण कंपनी सोडून डेव्हिस वॉर्नर ब्रदर्सकडे आले होते. मिलर काही रचनांचे कच्चे ध्वनिमुद्रण घेऊन लॉस एंजेलिसला गेले, आणि सहनिर्माते टॉमी लिपूमा यांनी त्याच पायावर पुढचे काम उभारायचे ठरवले. ड्रम मशीन, सिंथेसायझर, बेस, बास क्लॅरिनेट असे थरावर थर चढत गेले. बहुतेक वाद्ये एकट्या मिलर यांनी वाजवली आणि त्या तयार पटावर डेव्हिस यांनी आपली ट्रंपेट रेखली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध लढणारे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचे नाव धारण करणाऱ्या या अल्बममधील बहुसंख्य रचना सव्वीस वर्षांच्या बेसवादकाच्या होत्या.

जॅझच्या कर्मठ रसिकांना हे रुचले नाही. जॅझ म्हणजे एका खोलीत बसलेल्या माणसांचा आपसातील संवाद; येथे संवाद करायला समोर होते कोण? आक्षेप अगदीच पोकळ नाही. ‘टुटू’मधील काही यांत्रिक आवाज आज त्या दशकाचा शिक्का मिरवतात, हेही मान्य करायला हवे. पण शीर्षकरचना लक्ष देऊन ऐकली, तर बेस किती वेळ मागे राहते, ट्रंपेटच्या दोन वाक्यांमधली जागा कशी मोकळी ठेवलेली आहे आणि डेव्हिस यांचा म्यूट (ट्रंपेटच्या तोंडाशी बसवायचे, आवाज दबवणारे बूच) लावलेला, कुजबुजता स्वर त्या अवजड ठेक्यावर कसा एकाकी उभा राहतो, हे लक्षात येते. आपण कोणासाठी लिहितो आहोत, याचा विसर मिलर यांना एका क्षणालाही पडलेला नाही. यानंतर डेव्हिस यांच्यासोबतचे ‘सिएस्टा’ आणि 1989 साली ‘अमांडला’ हे अल्बम आले. ‘अमांडला’ची अखेर बेसवादक जॅको पॅस्टोरियस यांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या रचनेने होते. सप्टेंबर 1991 मध्ये डेव्हिस गेले.

त्यानंतर मिलर यांनी स्वतःच्या नावाने काम वाढवले. ‘एम स्क्वेअर्ड’ या अल्बमला ग्रॅमी मिळाले, चित्रपटांना पार्श्वसंगीत देणे चालूच राहिले. सेनेगलमधील गोरे बेटावरचे गुलामांचे घर पाहून आल्यावर त्यांनी जी रचना केली, तिच्यात बेस गिटारऐवजी बास क्लॅरिनेट पुढे आहे; बालपणी शिकलेले फुंकवाद्य अशा वेळी हाताशी आले. 2013 साली युनेस्कोने त्यांना शांतीसाठी कार्य करणारे कलावंत म्हणून नेमले. 2015 सालच्या ‘आफ्रोडीझिया’ या अल्बममध्ये त्यांनी गुलामांच्या सागरी मार्गावरील देशांतील वादकांना सोबत घेतले.

‘टुटू’चा प्रश्न मात्र शिल्लक होता. 2009 साली मिलर तेच संगीत घेऊन मंचावर आले आणि या वेळी सोबत तरुण वादकांचा जिवंत संच होता. यंत्राने वाजवलेले ठेके ड्रमवादक रोनाल्ड ब्रूनर यांच्या हातांत गेले, आणि रचना रोज रात्री थोड्या बदलू लागल्या. पुढे, डेव्हिस यांच्या जागी, ट्रंपेट घेऊन न्यू ऑर्लिन्सचे क्रिश्चन स्कॉट उभे होते. त्यांचे वय तेव्हा सव्वीस होते. मिलर त्यांच्या मागे, बेस घेऊन.