पारावरचं बोलणं ठरावाच्या वहीत कसं जाईल?

(पिंपळाच्या पारासमोर उभं राहून)

नमस्कार मंडळी! मागे बघा. पिंपळाचा पार आणि त्यावर बसलेली आमची म्हातारी मंडळी. गटार कुठं तुंबतंय, बोअरचं पाणी कधीपासून गढूळ यायलंय, रस्ता व्हायच्या आधी ओढा कुठून वाहायचा, सगळं यांना तोंडपाठ. पण पंचायतीची सभा असली की यातलं एकही माणूस तिथं दिसत नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आम्हाला कोण विचारायलंय? आणि तिथं सगळं कानडीत चालतंय की."

दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. पण दोन्हीवर उपाय आहे.

आधी न विचारण्याचं बघू. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. साठीच्या वरच्या पुरुषांना तिकिटात २५ टक्के सूट आहे. म्हणजे बेळगावच्या बाजाराला निघाले तर आज्जी फुकट आणि आजोबा पाऊण तिकिटात! (हसून) घराघरात यावरून चेष्टा चालते. पण आमच्या आज्जीची तक्रार तिकिटाची कधी नव्हतीच. बसची पहिली पायरी उंच, थांब्यावर धरायला दांडा नाही आणि पावसाळ्यात तिथं चिखल. सवलतीचा हिशोब बंगळुरात बसून करता येतो. पायरीचं दुखणं गुडघ्यांनीच सांगायला हवं.

मग सांगायचं कुठं? बसची पायरी पंचायत बदलत नाही, तो अर्ज बसच्या डेपोत. पण थांब्याजवळचा चिखल, गटारावरची फरशी, रस्त्यावरच्या दिव्याचा खांब हे पंचायतीचं. कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात आधी वॉर्ड सभा, म्हणजे आपल्या वॉर्डातल्या मतदारांची बैठक आहे, मग अख्ख्या गावाची ग्रामसभा. दोन्ही सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हव्यात. वॉर्डात कुठलं काम आधी करायचं आणि योजनेचा लाभ कुणाला द्यायचा, याची सुरुवात वॉर्ड सभेतून होते. यादीत नाव नाही म्हणून नंतर भांडायला सगळे जातात. यादी होते तेव्हा मात्र सभेतल्या खुर्च्या रिकाम्या!

दुसरं एक. म्हातारं माणूस पंचायतीच्या दारात दिसलं की ते पेन्शनसाठीच आलं, असं सगळे धरून चालतात. पेन्शन महत्त्वाचं आहेच. वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिन्याला फक्त २०० रुपये, ८० नंतर ५००. दोनशेत महिन्याच्या गोळ्यासुद्धा येत नाहीत. पण तो आकडा आपल्या गावच्या सभेत बदलत नाही. दिव्याचा खांब कुठं बसणार, ते बदलतं. म्हणून २ ऑक्टोबरच्या आसपास पंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू झालं की सभेला जायला हवं.

आता भाषेचं. हे नीट ऐका, कारण यावरच आपली माणसं मागं फिरतात.

(कॅमेऱ्याजवळ येऊन)

राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. म्हणजे कर्नाटकातल्या अधिकाऱ्याकडं मराठीत लिहिलेलं गाऱ्हाणं देणं हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. उत्तर मराठीतच द्या, असं मात्र ते कलम म्हणत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नियमही वेगळा. तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथं कन्नडमध्ये. दोन्हींची गल्लत करू नका.

माझं मत विचाराल तर, मराठी अर्जाला खाली दोन ओळींचा कन्नड सारांश जोडा. काही जणांना हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. पण शाळेत कन्नड शिकलेली नातवंडं घरातच आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या. हक्क मराठीचा आहेच, काम लवकर व्हावं ही अक्कलहुशारी आपली.

अर्ज कसा लिहायचा? "वृद्धांच्या सोयी करा" असं लिहिलंत तर तो कागद कुठंही बसत नाही. "मारुती मंदिरापासून बसथांब्यापर्यंत गटारावर फरशी नाही, तिथं कठड्यासह फरशी बसवावी" असं लिहा. शेजारच्या पाच-दहा घरांच्या सह्या घ्या, अंगठेही चालतात. सभेत वाचून दाखवा आणि "ठरावाच्या वहीत लिहा" असं सगळ्यांसमोर म्हणा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय घरी येऊ नका. त्यालाच पोच म्हणतात.

आमच्या आबांनी पहिला अर्ज दिला तेव्हा पोच घेतली नव्हती. सहा महिन्यांनी विचारायला गेले, तर "असा अर्जच आलेला नाही." आता दुसरा दिलाय. त्याची पोच घरात कालनिर्णयच्या मागे अडकवलीय आणि पुढच्या वॉर्ड सभेच्या तारखेवर त्यांनी लाल पेनानं गोल केलाय.