१९७४ : विहीर, झुडूप आणि खचलेली दरड

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

उत्खनन म्हटलं की आखीव चर, दोऱ्या, ब्रश आणि टोपी घातलेले संशोधक असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. हे चित्र खरं आहे, पण ते मधल्या प्रकरणाचं. पहिलं प्रकरण बहुतेक वेळा निराळंच असतं. तेच सांगायचं म्हणून मी एकच वर्ष निवडलं, १९७४. त्या वर्षी जगात जे सापडलं त्याची यादी थक्क करणारी आहे, आणि त्यातला एक शोध आपल्या प्रवरेकाठचा आहे.

मार्च महिन्यापासून सुरुवात करू. चीनच्या शान्शी प्रांतात, शिआन शहराजवळ लिनथोंग परगण्यात शियांग नावाचं गाव आहे. पाऊस नव्हता, म्हणून यांग झिफा आणि त्यांच्या गावातले काही शेतकरी २९ मार्चला विहीर खणत होते. आपल्याकडे तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाच्या जखमा ओल्याच होत्या, त्यामुळे कोरड्या रानात विहीर खणणं काय असतं हे इथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. काही मीटर खाली गेल्यावर कुदळीला भाजलेली माती लागली. मग मातीचं एक धड निघालं, डोकं निघालं, काशाची बाणाग्रं निघाली. धातू म्हणजे पैसा, म्हणून बाणाग्रं भंगारात विकली गेली. मातीचे तुकडे कोणी घरी नेले, कोणी बांधावर टाकले. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना पाणी हवं होतं आणि समोर खापरं आली.

बातमी परगण्याच्या छोट्या संग्रहालयातल्या झाओ कांगमिन यांच्यापर्यंत गेली. ते आले, तुकडे गोळा केले, संग्रहालयात नेऊन धुतले आणि एकेक जोडत बसले. त्यातून पुरुषभर उंचीचे शिपाई उभे राहिले. मात्र झाओ यांनी वर कोणाला कळवलं नाही. सांस्कृतिक क्रांतीचा काळ अजून संपला नव्हता. जुन्या मूर्ती फोडल्या जाताना त्यांनी पाहिल्या होत्या, आणि या शिपायांचंही तेच होईल अशी भीती त्यांना होती. सुट्टीवर आलेल्या एका पत्रकाराने ते शिपाई पाहिले, त्याचा अहवाल बीजिंगला पोचला आणि जुलैत रीतसर उत्खनन सुरू झालं.

पुढचं आपण सगळे जाणता. इसवीसनपूर्व २१० मध्ये वारलेल्या चिन शी हुआंग या पहिल्या सम्राटाच्या थडग्याच्या राखणीला ठेवलेली ही फौज. पहिला खड्डाच २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. आणखी दोन खड्डे १९७६ मध्ये सापडले. एकूण शिपाई आठ हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. ती विहीर पहिल्या खड्ड्याच्या एका कोपऱ्याजवळ लागली होती. शेतकऱ्यांनी थोडी बाजूची जागा धरली असती तर कदाचित आजही त्या रानात पीक डोलत असतं.

इथे एका गोष्टीपाशी थांबतो. हे शिपाई आज आपल्याला मातकट, राखाडी दिसतात. मुळात ते रंगीत होते. गुलाबी कातडी, हिरवे-जांभळे अंगरखे, लाल पट्ट्या. रंगाखाली लाखेसारखा एक लेप होता. दोन हजार वर्षं तो जमिनीच्या ओलीत टिकला. खड्डा उघडला, कोरडी हवा लागली की काही मिनिटांत तो लेप सुकून गुंडाळी होऊन सुटतो, आणि सोबत रंग घेऊन जातो. सुरुवातीच्या काळात असे कितीतरी शिपाई डोळ्यांदेखत रंगहीन झाले. पुढे लेप धरून ठेवणारी रसायनं वापरात आली, ओलावा राखून काम करणं आलं. खुद्द सम्राटाचं थडगं अजून उघडलेलं नाही, त्यामागे हाही अनुभव आहे. न खणण्याचा निर्णय घेणं हे पुरातत्त्वातलं फार मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय कोणी देत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या मुंगो या कोरड्या पडलेल्या सरोवराकाठी, जिम बोलर या भूशास्त्रज्ञाला पावसाने धुऊन निघालेल्या वाळूत कवटीचा भाग दिसला. खाली एका पुरुषाचा सांगाडा होता, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी पुरलेला. अंगावर गेरू शिंपडलेला होता आणि हात ओटीपोटाशी जुळवलेले होते. एवढ्या जुन्या काळात माणसं आपल्या मेलेल्याला अशा मायेने निरोप देत होती. ते अवशेष कॅनबेराच्या विद्यापीठात नेले गेले. तिथल्या आदिवासींनी, मुथी मुथी, पाकान्टी, न्यियाम्पा या लोकांनी, आमचा पूर्वज परत द्या म्हणून अनेक वर्षं मागणी केली. तो २०१७ मध्ये आपल्या भूमीत परतला. शोध लागला की मालकी शोधणाऱ्याची होते, ही समजूत मोडायला ४३ वर्षं गेली.

नोव्हेंबरमध्ये इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे या अभ्यासकांना उतारावर कोपराच्या हाडाचा तुकडा दिसला. तीच ती ‘लूसी’, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश मादीचा सांगाडा. काटेकोरपणे बोलायचं तर हे पुरातत्त्व नव्हे, मानवाच्या उत्क्रांतीचा अभ्यास आहे. पण पद्धत पाहा. त्या उतारावरची माती आठवडेच्या आठवडे चाळली गेली. हाडांचे शेकडो तुकडे मिळाले आणि त्यात एकही हाड दुबार नव्हतं. म्हणून ही सगळी हाडं एकाच जिवाची, असं म्हणता आलं. हाडं वेचून पिशवीत भरली असती तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

सीरियात तेल मार्दिख या टेकाडावर पाओलो मात्तिए यांची इटालियन तुकडी १९६४ पासून खणत होती. तिथे १९७४ मध्ये कीलाकार, म्हणजे खिळ्यासारख्या खुणांच्या लिपीतल्या मातीच्या पाट्या मिळू लागल्या आणि पुढच्याच वर्षी एब्ला नगरीच्या राजवाड्याचं सबंध दप्तरखानाच उघडा पडला. वाडा इसवीसनपूर्व २३०० च्या सुमारास जळाला होता. त्या आगीने मातीच्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या, लाकडी फळ्या मात्र जळून गेल्या. तरी त्या फळ्या कुठे होत्या, किती ओळींत होत्या, कोणत्या फळीवर कसलं दप्तर होतं हे सांगता आलं. कशावरून? पाट्या जमिनीवर कशा पडल्या होत्या त्यावरून. एका ओळीत मांडलेल्या पाट्या फळी जळाल्यावर ओळीनेच खाली घसरल्या होत्या. नसलेल्या वस्तूचा आकार असलेल्या वस्तूच्या जागेवरून कळतो. माझ्या विषयाचा गाभा एवढाच आहे, आणि आज मला तेवढंच सांगायचं आहे.

आता आपल्या उपखंडात येऊ. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी, कच्छीच्या मैदानात मेहेरगढ आहे. बोलन नदीने काठ खाल्ला, दरड खचली आणि खोलवरच्या वस्तीचे थर उघडे पडले. तिथे जाँ-फ्रान्स्वा जारीज यांच्या फ्रेंच तुकडीने १९७४ मध्ये काम सुरू केलं. तोवर सिंधू संस्कृती जणू आभाळातून तयार नगरं घेऊन उतरली की काय, असा प्रश्न पडायचा. मेहेरगढने त्याआधीचं हजारो वर्षांचं जगणं दाखवलं. इसवीसनपूर्व ७००० च्या सुमारास तिथे लोक जव-गहू पिकवत होते, कच्च्या विटांची घरं बांधत होते, मेलेल्या माणसासोबत करडं पुरत होते. तिथल्या काही माणसांच्या दाढांना जिवंतपणी गारगोटीच्या टोकाने भोकं पाडली होती, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या दाढांची भोकं चावून चावून गुळगुळीत झाली होती, म्हणजे माणूस त्यानंतरही जगला, जेवला. दातदुखीवर केलेला इलाज असावा.

आणि आता दायमाबाद.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावरचं हे गाव. इथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, १९५८ मध्ये बा. पु. बोपर्डीकरांनी नजरेला आणली, त्यानंतर म. न. देशपांडे यांनी खोदकाम केलं. पण हे नाव जगभर गेलं ते १९७४ मध्ये. छबू लक्ष्मण भिल हे एका झुडपाचं मूळ खणून काढत होते आणि मुळाखाली धातू लागला. चार शिल्पं निघाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. सगळी भरीव ओतलेली, मिळून वजन साठ किलोंहून जास्त. रेडा ३१ सेंटीमीटर उंच, हत्ती २५, गेंडा १९. गेंड्याच्या पायाखाली दोन दांडे आणि चार चाकं आहेत. रथाची लांबी ४५ सेंटीमीटर, दोन भरीव चाकं, लांब दांडी, पुढे जोखडाला बैलजोडी. रथात १६ सेंटीमीटर उंचीचा माणूस उभा आहे आणि त्याच्यापुढे दांडीवर एक कुत्रा. हे सगळं ओतण्याआधी ज्याने मेणाच्या नमुन्यात घडवलं असेल त्याने बैलाची मान, वशिंड, खांद्याचा जोर नीट पाहिलेला होता. आज ही शिल्पं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ठेव्यात आहेत. जमलं तर मुलांना घेऊन जा आणि काचेजवळ जाऊन बैलांचे पाय पाहा.

ही शिल्पं कोणत्या काळातली? इथे मन खट्टू होतं. धातूला कार्बन कालमापन, म्हणजे कोळसा-हाडांतल्या कार्बनवरून वय काढणं, लावता येत नाही. धातूच्या वस्तूचं वय ठरतं ते ती ज्या थरात पडली आहे त्यावरून, त्या थरातल्या कोळशावरून, खापरांवरून. आणि ही शिल्पं कुठल्या थरातून आली हे कोणी नोंदलेलं नव्हतं. झुडूप निघालं, खड्डा झाला, विषय संपला. शिकारीपुर रंगनाथ राव यांनी १९७४-७५ मध्ये आणि पुढे सा. अ. साळी यांनी १९७९ पर्यंत तिथे मोठं काम केलं. सावळदा, उत्तर हडप्पा (सिंधू संस्कृतीचा उतरता काळ), दायमाबाद, माळवा, जोर्वे अशा एकामागून एक आलेल्या संस्कृतींचा, वस्तीचा सलग क्रम लावला. उत्तर हडप्पा काळातल्या थरात सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या दोन छोट्या मुद्राही मिळाल्या. राव, साळी, देशपांडे, ढवळीकर या थोर मंडळींनी शिल्पं त्याच काळातली मानली. उलट डी. पी. अगरवाल यांनी धातूची परीक्षा करून म्हटलं, यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, ताम्रपाषाणयुगाच्या इतर वस्तूंत अशी मिश्रणं दिसत नाहीत, म्हणजे ही बरीच नंतरची असू शकतात. माझं मत पहिल्या बाजूकडे झुकतं. पण ते मतच आहे. मुळाखालच्या त्या मातीचा रंग, तिच्यातली चार खापरं, चिमूटभर कोळसा एवढं जरी राखलं गेलं असतं तरी हा वाद इतका रेंगाळला नसता.

त्याच वर्षांत शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं उत्खनन चालू होतं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी हे पुरातत्त्वज्ञ ते करत होते. तिथे साठ किलो धातू निघाला नाही. निघाली मातीची घरं, चुली, धान्याच्या जागा, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं, घोट्याखाली पाय तोडून घराच्या जमिनीतच पुरलेली मोठी माणसं. पाट काढून पाणी वळवल्याच्या खुणाही मिळाल्या. दिसायला काहीच भव्य नाही. तरी साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्रातला शेतकरी कसा जगला हे आपल्याला आज जे काही ठाऊक आहे त्यातला फार मोठा भाग इनामगावने दिला, कारण १९६८ ते १९८३ प्रत्येक वस्तू तिच्या जागेसकट नोंदली गेली. मला कोणी विचारलं की दायमाबादचा रथ मोठा की इनामगावची चूल, तर मी चूल म्हणेन.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. इथे बसलेल्या अनेकांच्या रानाजवळ पांढर आहे. तिची माती खत म्हणून शेतात टाकायची पद्धत जुनी आहे, पीकही चांगलं येतं. पूर्वी ती बैलगाडीने जायची, तेव्हा टेकाड झिजायला पिढ्या लागत. आता जेसीबी आणि ट्रॉली चार दिवसांत ते सपाट करतात. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली किती टेकाडं अशी गेली याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

लोक कळवत का नाहीत? जमीन जाईल, चौकशी मागे लागेल, ही भीती असते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पण कायदा माहीत असावा. जमिनीत गुप्तधन सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवलं तर शिक्षा आहे. पण कळवलं आणि दुसरा कोणी मालक पुढे आला नाही, तर त्या कायद्यात सापडणाऱ्याचा हक्क धरलेला आहे: वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, उरलेला जमीनमालकाला. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. सापडणारा आणि जमीनमालक एकच असेल तर प्रश्नच मिटला.

तेव्हा नांगराला, कुदळीला, जेसीबीच्या दातांना काही लागलं तर काम तिथेच थांबवा. वस्तू उपसू नका, धुऊ-घासू नका. निघालीच असेल तर तिच्या आसपासची माती आणि खापरं फेकू नका. खड्ड्याचा फोटो काढा, शेजारी काठी किंवा पट्टी ठेवून, म्हणजे खोली कळते. मग तलाठ्याला, तहसीलदाराला सांगा, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजलाही कळवा. पावसाची चिन्हं असतील तर खड्ड्यावर ताडपत्री टाका, कडेने माती लावा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही.