जुनी वाइड लेन्स सॉफ्ट येतेय? आधी अडॅप्टर तपासा

नमस्कार मंडळी! संध्याकाळचे सात वाजलेत, मी नरिमन पॉइंटच्या कठड्यापाशी आहे आणि पाण्यापलीकडे ते मलबार हिलचे दिवे. कॅमेऱ्यावर आहे टॅमरॉनची जुनी २४ मिमी, एफ २.५. ॲडॅप्टॉल-२ मालिकेतली, म्हणजे हिची माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची, रिंग वेगळी निघते. माझ्याकडे निकॉनची रिंग आहे, बॉडी सोनीची; म्हणून दोन्ही जोडायला मध्ये अडॅप्टरची कडी.

ही लेन्स मी विकायला काढली होती. दूरचं काहीच शार्प येईना. दोष मात्र अडॅप्टरचा होता, आणि लेन्सवर अन्याय होत होता, म्हणून हा व्हिडिओ.

निकॉन एफ माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी. सोनी ई माउंटपासून सेन्सरपर्यंत १८. मधले २८.५ मिमी अडॅप्टरने भरायचे. तो आतून पोकळ असतो, त्यात काच नसते. म्हणून आपल्याला वाटतं, यात बिघडणार काय?

बघा. अडॅप्टर फक्त ०.१ मिमी जाड निघाला, तर इन्फिनिटीवर, म्हणजे सगळ्यात दूरच्या फोकसवर ठेवलेली २४ मिमी लेन्स पावणेसहा मीटरच्या आसपास फोकस करते. त्यापुढे जातच नाही! तीच चूक ५० मिमीला साधारण २५ मीटरवर नेऊन सोडते. म्हणून पन्नासवर कुरकुर न करणारा अडॅप्टर वाइडवर उघडा पडतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ इतकं लहान केलं की चूक झाकली जाते, एफ २.५ ला पूर्ण उघडलं की हे समोरचे दिवे पसरतात.

म्हणून बरेच अडॅप्टर मुद्दामच किंचित पातळ असतात. मग इन्फिनिटी मिळते, पण फोकस रिंगवरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात. दादरच्या फुलबाजारात आकडा बघून फोकस लावणाऱ्याची पंचाईत. शिवाय काही वाइड लेन्समध्ये फोकस करताना आतली भिंगं एकमेकांपासून सरकतात. रिंग चुकीच्या जागी असली की तिथे फोटोचे कोपरेही बिघडतात.

तपासायचं कसं? ॲपर्चर पूर्ण उघडा, स्क्रीनवर मॅग्निफाय करा, सगळ्यात लांबचा दिवा धरा. फोकस रिंग इन्फिनिटीच्या टोकाला टेकली तरी दिवा टोकदार होत नाही? अडॅप्टर जाड आहे, परत करा. टोकाच्या बऱ्याच आधी टोकदार झाला? पातळ आहे; माउंटच्या स्क्रूंखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालून सुधारता येतो.

चोर बाजारात लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. आपल्या पावसाळ्यात बुरशी पटकन धरते. आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, असेल तर मेनूत २४ हा आकडा हाताने भरा, कॅमेऱ्याला तो कळत नाही.

चला, आता रिंग फिरवतो. स्क्रीनवर तो डावीकडचा दिवा बघत राहा.