लाळ आटते तेव्हा

(दृश्य: परळ. टाटा हॉस्पिटलसमोरचा फूटपाथ, सकाळ.)

बगलेत फाईल, हातात पाण्याची बाटली. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झालेल्या, रेडिएशन घेतलेल्या पेशंटजवळ ही बाटली असतेच. थोड्या थोड्या वेळाने घोट घ्यावा लागतो, कारण तोंडातली लाळ आटलेली असते.

रेडिएशनचा हा 'शेक' बहुधा सहा-सात आठवडे चालतो, आठवड्यातून पाच दिवस. किरण गाठीवर रोखलेले असले, तरी कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथी त्यांच्या वाटेत येतात. एरवी दिवसाला सुमारे एक लिटर लाळ आपल्या नकळत तयार होते. शेक सुरू झाला की काही दिवसांतच ती घटते, चिकट होते. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहतो. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते.

'जीव वाचला, तोंड कोरडं पडलं तर काय मोठं?' असं घरच्यांनी म्हणू नये. जेवण तुटतं, वजन उतरतं, माणूस बोलायचं टाळू लागतो.

(दृश्य: दातांच्या डॉक्टरांची खुर्ची.)

सगळ्यात जास्त सोसावं लागतं दातांना. लाळ दात धुते, आम्ल शमवते. ती नसली की हिरडीलगत कीड लागते आणि झपाट्याने पसरते. त्यात शेक बसलेल्या जबड्याला रक्त कमी पोचतं. नंतर दात काढला, तर जखम सहज भरत नाही. कधी हाडच मरतं. म्हणून खराब दात शेक सुरू होण्याआधी काढायचे, जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. पुढे रोज फ्लोराइड लावायचं, वर्षानुवर्षं.

ग्रंथी वाचवताही येतात. आयएमआरटी या तंत्रात किरणांची मात्रा ग्रंथींभोवती कमी ठेवतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीच्या 74 टक्के पेशंटना होता, आयएमआरटीच्या 38 टक्क्यांना.

(दृश्य: स्वयंपाकघर. वरणात कालवलेला मऊ भात.)

घरी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने गुळण्या, पातळ केलेला घास, बिनसाखरेचं च्युइंगम. लाळ वाढवणाऱ्या पायलोकार्पिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. दमेकऱ्यांना त्या सहसा देत नाहीत. आणि तोंडाला पाणी सुटावं म्हणून सुपारी? मुळीच नको. सुपारीनेही कॅन्सर होतो.

शेकाची तारीख घेताना दोन प्रश्न विचारा: माझ्या लाळग्रंथी किती वाचतील, आणि माझे दात कोण तपासणार?