आठ स्टेशनं आणि एक शांतता

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर बोलणाऱ्याला शांततेची भीती वाटते. इथे चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. बोलणारा तीन-चार सेकंद थांबला तरी काचेपलीकडचा तंत्रज्ञ मान वर करून बघतो. आज ज्या शांततेबद्दल सांगणार आहे ती ब्रिटनच्या एका नव्या पंतप्रधानांची आहे. गुरुवार, 29 सप्टेंबर 2022 ची सकाळ. पंतप्रधान लिझ ट्रस. पदावर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

ट्रस म्हटलं की लोकांना अजून लेट्यूसचा गड्डा आठवतो. एका लंडनच्या टॅब्लॉइडने तो विग घालून कॅमेऱ्यासमोर ठेवला होता, आधी कोण कोमेजतं ते बघायला. गड्डा टिकला. बाई 20 ऑक्टोबरला राजीनामा जाहीर करून मोकळ्या झाल्या. 25 तारखेला प्रत्यक्ष पद सोडलं तोवर कारकीर्द 49 दिवसांची. त्याआधीचा विक्रम जॉर्ज कॅनिंग यांचा होता, 1827 साली 119 दिवस, पण ते पदावर असतानाच वारले. (1857 साली आपल्याकडे गव्हर्नर जनरल असलेले कॅनिंग हे त्यांचेच चिरंजीव.) तर लोक हसले, मीही हसलो. पण किती दिवस टिकल्या हे मोजून कारभार जोखता येत नाही. त्या दिवसांत बाई वागल्या कशा, ते बघावं लागतं.

मी तीसेक वर्षं बँकेच्या ट्रेझरीत काढली. सरकारी रोख्यांची, म्हणजे सरकार कर्ज उचलताना जे कागद देतं त्यांची, खरेदी-विक्री हे माझं रोजचं काम. त्यामुळे त्या आठवड्यात निवृत्त असूनही मी पडद्याला चिकटून होतो. दुसरं कारण घरचं होतं. माझा भाचा लीड्सला असतो. त्याने तिथे घर बघितलं होतं आणि बँकेची कर्जाची ऑफर हातात होती. सोमवारी रात्री त्याचा फोन आला, "मामा, ऑफर काढून घेतली. ईमेल आलाय, तीन ओळींचा." तो एकटा नव्हता. त्या दोन-तीन दिवसांत ब्रिटनमधल्या शेकडो गृहकर्ज योजना बाजारातून उचलल्या गेल्या.

झालं होतं काय? आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. ट्रस यांचे ते नऊ दिवस सुतकात गेले. 6 सप्टेंबरला बालमोरलला राणीने त्यांना नेमलं, 8 तारखेला राणी गेली, 19 ला अंत्यसंस्कार झाले. तोवर राजकारण बंद. आणि 23 तारखेला, शुक्रवारी, अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ‘मिनी बजेट’ मांडलं. मिनी कसलं! वर्षाला 45 अब्ज पौंडांची करकपात, आणि पैसा कुठून येणार याचा हिशोब नाही. दीड लाख पौंडांच्या वर कमावणाऱ्यांचा 45 टक्क्यांचा कर तर साफच काढून टाकलेला.

करकपात हा काही गुन्हा नाही. हुजूर, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत ट्रस यांनी हेच सांगून ऋषी सुनक यांना हरवलं होतं, 81,326 मतं विरुद्ध 60,399. सुनक ओरडून सांगत होते की उसनवारी करून कर कमी केले तर व्याजदर भडकतील. पक्षाच्या सभासदांना ते रडगाणं वाटलं. असो. माझा आक्षेप धोरणाला कमी आहे.

ब्रिटनमध्ये ‘ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी’ नावाची स्वतंत्र संस्था आहे, 2010 पासूनची. सरकारने काही ठरवलं की त्याचा जमाखर्च ती तिऱ्हाइताच्या नजरेने मांडते. या संस्थेने अंदाजाचा मसुदा नव्या अर्थमंत्र्यांकडे पहिल्याच दिवशी पाठवला होता आणि बजेटसाठी तो ताजा करून देण्याची तयारीही दाखवली होती. सरकारने तो मागितला नाही. त्याच आठवड्यात अर्थखात्याचे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना घरी पाठवलं. म्हणजे वाण्याच्या दुकानात नवा मालक आला आणि त्याने आधी तराजू माळ्यावर टाकला, मग जुन्या मुनीमजींना निरोप दिला. रोखे बाजाराला आकड्यांपेक्षा या गोष्टी जास्त बोलतात, हे मी अनुभवाने सांगतो.

सोमवारी, 26 तारखेला, पौंड 1.03 डॉलरच्या आसपास आला. इतका खाली तो कधीच गेला नव्हता. पाठोपाठ सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, म्हणजेच कर्जाचे व्याजदर चढले, आणि पेन्शन फंडांची कोंडी झाली. त्यांनी रोखे तारण ठेवून व्यवहार केले होते. समजा, तुम्ही सोनं गहाण ठेवलंय आणि सोन्याचा भाव पडला. सावकार म्हणतो, आणखी तारण आणा. ते आणायला तुमच्याकडे सोनंच विकायचा पर्याय आहे, आणि सगळेच विकायला निघाले की भाव आणखी पडतो. बुधवारी बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. 65 अब्ज पौंडांपर्यंत रोखे घेण्याची तयारी तिने जाहीर केली. प्रत्यक्षात 19 अब्जांच्या थोडे वर घेतले. पेन्शन फंडांची ही कमजोरी जुनी होती, ट्रस यांनी केलेली नव्हे, आणि व्याजदर जगभर चढतच होते. तेवढं माप त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे. पण घराला वाळवी लागलेली असताना भिंतीवर घण कुणी घातला, हा प्रश्न उरतोच.

या सगळ्या दिवसांत पंतप्रधान गप्प. आणि मग गुरुवार उजाडला.

बीबीसीच्या आठ स्थानिक केंद्रांना ट्रस यांनी एकामागून एक मुलाखती दिल्या. लीड्स, नॉरफोक, केंट, लँकेशायर, नॉटिंगहॅम, टीस, ब्रिस्टल, स्टोक. तासाभरात आठ, प्रत्येकी पाचेक मिनिटं. स्थानिक रेडिओ, म्हणजे कुठला रस्ता खोदलाय नि कुठल्या शाळेची जत्रा आहे ते सांगणारा. तिथे सोपं जाईल असा सल्लागारांचा होरा असावा. लीड्सच्या निवेदिकेने पहिल्याच प्रश्नात विचारलं, इतके दिवस होतात कुठे? केंटच्या निवेदिकेने श्रोत्यांचेच निरोप वाचून दाखवले, आणि त्यात लाज वाटते का, हेही होतं. भाच्याने दुवे पाठवले, मी आठही मुलाखती ऐकल्या. शेवटी स्टोकचा निवेदक म्हणाला की वीज-गॅसच्या बिलात तुम्ही आमचे जे वाचवलेत, त्याहून जास्त आता गृहकर्जाच्या हप्त्यात जाणार आहेत.

आणि शांतता. लांबलचक, ऐकणाऱ्यालाच अवघडून टाकणारी.

खरं तर बिलाचा मुद्दा त्यांच्या बाजूचा होता. साधारण कुटुंबाचं वर्षाचं बिल ऑक्टोबरपासून 3,549 पौंडांवर जायचं होतं, ते त्यांनी 2,500 च्या घरात थोपवलं. 8 सप्टेंबरचा हा निर्णय मोठा होता आणि हिवाळ्यात अनेकांना त्याने तारलं. श्रेय द्यायला मी मागेपुढे बघणार नाही. पण त्या सकाळी त्या सांगत राहिल्या की 2,500 च्या वर कुणाला बिल येणारच नाही. हे खरं नव्हतं. मर्यादा युनिटच्या दरावर होती. ज्याने जास्त वापरलं त्याला जास्त बिल येणार. आता विचार करा, एखादी एकटी म्हातारी रेडिओवर पंतप्रधानांच्या तोंडून हे ऐकते आणि दिवसभर हीटर चालू ठेवते. अशा एका वाक्याचं मोल मला 45 अब्जांइतकंच वाटतं.

पुढचं भरभर सांगतो. रविवारी टीव्हीवर 45 टक्क्यांच्या कराबद्दल त्या म्हणाल्या, तो निर्णय अर्थमंत्र्यांचा. सोमवारी सकाळी निर्णयच मागे घेतला. 14 ऑक्टोबरला क्वार्टेंग यांना वॉशिंग्टनहून अर्धवट बैठकीतून परत आणून काढलं. ज्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं ही स्वप्नं रंगवली, तोच बळीचा बकरा. त्या दुपारची पत्रकार परिषद जेमतेम आठ मिनिटांची, प्रश्न फक्त चार. 17 तारखेला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी जवळजवळ सगळी करकपात पुसून टाकली. म्हणजे कार्यक्रम सुनकांचा, खुर्ची ट्रस यांची, आणि तीही सोडत असल्याचं तीनच दिवसांनी जाहीर झालं.

भारत-ब्रिटन व्यापार कराराची मुदत त्या वर्षी दिवाळीची ठरली होती. लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला आलं. तोवर करार झाला नाही. त्या दिवशी सुनक पक्षाचे नेते झाले. भाचा फोनवर फराळाचं पार्सल कस्टममध्ये अडकल्याचं सांगत होता.

घर त्याने पुढच्या वसंतात घेतलं, दुसरं, जरा लहान. तिकडे आपल्यासारखा बदलता दर फारसा घेत नाहीत, दोन किंवा पाच वर्षांसाठी दर बांधून घेतात. आधीच्या ऑफरपेक्षा हा दर दीड टक्क्याने वर होता. त्याने पाच वर्षांचा घेतला. तो 2028 मध्ये संपेल.